भाऊजींचे कान आणि माझ्या छोट्या फायली

भाऊजी, सगळ्यात आधी हे ऐका, मग बाकीचं. तुमचे कान ठीक होते. शेवटपर्यंत ठीक होते. मी खोटं बोलले.

लिहिलं एकदाचं. तुम्ही गेल्याला महिना होत आला, आणि इतके दिवस हे वाक्य माझ्या पोटात नुसतं फिरायलंय. चहा ठेवते आणि विसरते. तुमच्या खोलीत जाते, काय आणायला आले ते आठवत नाही, तशीच परत येते. शुभा परभणीहून शाळेला सुट्टी टाकून आलीय, तिचं एकच चालू, "आई, एका जागी बस की जरा." कशी बसू? बसलं की तुम्ही हेडफोन काढून उशाशी ठेवला ते दिसतं.

भेटायला येणारे बसतात, पाणी पितात, आणि जाताना हमखास म्हणतात, "एवढा कानाचा माणूस, शेवटी कानच गेले बघा." हे त्यांना कुणी सांगितलं? मीच. शेजारच्या बाईला सांगितलं, तिनं गल्लीला सांगितलं, गल्लीनं सगळ्या सेलू गावाला. आता तुमच्या नावामागं ते चिकटलंय. मी मान हलवते. दर वेळी मान हलवते आणि दर वेळी आतून काहीतरी खरवडून निघतं.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही सातवीत होता. माझे धाकटे दीर, पण वागणं थोरल्या सासऱ्याचं. मी स्वयंपाकघरात भांडं जोरात ठेवलं की बाहेरून ओरडायचा, "वहिनी, पातेल्याला पोचा आला, तळाशी!" आणि बघावं तर खरंच पोचा. पुढं पुढच्या खोलीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. लोक रेडिओ चालू करायचे, तुम्ही झाकण न उघडता सांगायचा काय बिघडलंय. लग्न केलं नाही. का केलं नाही ते मी चाळीस वर्षांत तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तुम्ही रेडिओचा आवाज वाढवला.

आणि त्या कॅसेटी. खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून कुठं कुठं गेलात. पाथरीकडं जीपच्या टपावर बसून गेलात कव्वाली भरायला. गोंधळ भरला, बायकांची गाणी भरली, एका म्हाताऱ्याची नुसती शीळ भरली, अर्धा तास. दोनशे बारा कॅसेटी. हे गेल्यावर घरात आपण दोघंच म्हातारे उरलो, तेव्हा तुम्ही म्हणालात, "वहिनी, आता या कॉम्प्युटरात घ्यायच्या. फिती चिकटायल्यात." मी चौथी पास बाई. वाचायला शिकले ती वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर. सहासष्टाव्या वर्षी तुम्ही मला माउस धरायला शिकवलात. मी तो तव्यावरच्या फडक्यासारखा धरायचे, तुम्ही हसायचा. पण शिकवलंत. कॅसेट-डेकची वायर कॉम्प्युटरला लावायची, कॅसेट चालू करायची, आणि तासाची कॅसेट असेल तर तासभर बसायचं. घाई चालत नाही. मी बाजूला शेंगा सोलायचे, तुम्ही डोळे मिटून ऐकायचा.

भांडण सुरू झालं ते फायलींवरून. आधी तुम्ही वेव्ह करत होता, एका कॅसेटीला सहाशे एमबीच्या वर जागा. मग फ्लॅकवर आलात, त्यात जागा निम्म्यानं वाचते म्हणून. मला तेही जास्त वाटायचं. माझं म्हणणं एमपीथ्री करा. दहावा हिस्सा जागा, कुणाच्याही फोनवर वाजतं, ट्रॅक्टरवाल्याच्या पेनड्राइव्हवर शंभर गाणी मावतात.

"वहिनी, समजून घ्या," तुम्ही म्हणायचा. "फ्लॅक म्हंजी जिनिंगमधली गठाण. कापूस दाबला, पट्ट्या मारल्या, जागा वाचली. उद्या पट्ट्या तोडल्या की जेवढा व्हता तेवढा बाहेर. तुमची एमपीथ्री म्हंजी दाबायच्या आधीच चार मुठी कापूस उकिरड्यावर."

"चार मुठीनं गादी पातळ होती का?"

"गादी न्हाई होत. पण तो कापूस कुठंय?"

"झोपणाऱ्याला विचारा. त्याला झोप लागली म्हंजी झालं."

"तुमाला काय, उभ्या उभ्या बी झोप लागती."

असं दोन वर्षं. शुभा फोनवर विचारायची, "आज काय, गठाण का गादी?" हसण्यावारी जायचं, पण भाऊजी, मला त्यात खरंच बोलायचं होतं आणि तुम्ही ते कधी पुरतं ऐकून घेतलं नाहीत. ज्यांची गाणी त्यांच्या घरी ती नाहीत, याचा मला राग यायचा. त्या बाया गायल्या, म्हाताऱ्या झाल्या, गेल्या, आणि त्यांचे आवाज आपल्या लोखंडी पेटीत. तुम्ही म्हणायचा, आधी नीट ठेवू द्या, मग वाटू. मी म्हणायचे, आधी वाटा, म्हंजी राहील. आपण दोघांनी मिळून ना नीट ठेवलं ना वाटलं. हे मी रागानं लिहीत नाही. थोडं रागानं लिहितेय.

मग तुमचं पोटाचं ऑपरेशन. परभणीच्या दवाखान्यात बावीस दिवस. तुमच्याजवळ बसायची पाळी शुभाची असली की मी सेलूला, घरात एकटी. मनात आलं, तुम्ही येईपर्यंत उरलेल्या साठ-पासष्ट कॅसेटींतल्या थोड्या उरकून ठेवाव्यात. दार उघडून आत याल, आणि काम पुढं गेलेलं दिसेल. कॉम्प्युटर लावला तर पाटी आली, जागा शिल्लक नाही.

आता मी काय केलं ते सरळ सांगते. शुभानं मला मागं छोट्या फायली करायला शिकवलं होतं. मी सगळ्या गाण्यांच्या एमपीथ्री केल्या, त्यातही आवाजाच्या दर्जाच्या यादीत सगळ्यात लहान आकडा दिसला तो निवडला, चौसष्ट. तीन दिवस मशीन चालू. झाल्यावर बघते तर एकेका नावाच्या दोन दोन फायली. मांडणीवर एका मापाची दोन पातेली दिसली की एक मी माळ्यावर टाकते, तुम्हाला माहीत आहे. इथंही तेच केलं. मोठी उचलली, छोटी ठेवली. पण कॉम्प्युटरला माळा नसतो. तिथं एक कचऱ्याची पेटी होती, तीसुद्धा मी रिकामी केली. कचरा घरात ठेवायची मला सवय नाही.

जागाच जागा झाली. मला इतका आनंद झाला की मी शिरा केला आणि एकटीनं खाल्ला.

दोन दिवसांनी शुभाचा फोन. "आई, काका विचारायलाय, मोठ्या फायली नीट हायेत ना? म्हणतो, आठ-नऊ कॅसेटी तर भरून झाल्यावर टाकूनच दिल्या, बुरशीच्या होत्या. आता फक्त फाईलच हाय."

फोन कानाला धरूनच ती कचऱ्याची पेटी उघडून बघितली, रिकामी. पण मी म्हणाले, "हायेत की." आणि फोन ठेवून मार्ग शोधला. छोट्याची मोठी करता येते का? येत होती! त्याच खिडकीत उलटं निवडलं, एमपीथ्रीचं फ्लॅक. आणि फायली फुगल्या भाऊजी, डोळ्यांदेखत फुगल्या. आधीपेक्षा आकडा जरा कमी, पण मोठ्या. मी देवापुढं दिवा लावला. मला वाटलं, पट्ट्या तोडल्या, कापूस बाहेर आला. टाकून दिलेल्या मुठी उकिरड्यावरून आपोआप परत येत नाहीत, हे तुम्ही दोन वर्षं माझ्या कानीकपाळी ओरडून सांगत होता. मला ते त्या दिवशी आठवलं नाही. की आठवलं आणि मी आठवू दिलं नाही, ते आता मलाच सांगता येत नाही.

तुम्ही घरी आलात, निम्मे होऊन. दुसऱ्या दिवशी उशी टेकून बसलात आणि हेडफोन मागितला. मी दारात उभी होते, हातात पेजेची वाटी. तुम्ही एक गाणं लावलं. थांबवलं. दुसरं लावलं. मग कपाळावर आठी.

"वहिनी, टाळ कसा वाजायलाय हा? फडक्यात गुंडाळल्यावानी. वरचा आवाजच न्हाई."

तेव्हा सांगायचं होतं. वाटी खाली ठेवायची आणि सांगायचं. फार तर तुम्ही चिडला असता, दोन दिवस बोलला नसता. त्याऐवजी मी काय म्हणाले? "ऑपरेशन झालंय, भूल दिली व्हती. औषधांनी कान जड पडत्यात. वय बी झालं की आता."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. शंका म्हणून नाही. लहान मूल डॉक्टरकडं बघतं तसं बघितलंत.

"असंल," म्हणालात.

मग मला काडेपेटी आणायला लावलीत. दाराशी उभी राहून हलवा म्हणालात. मी हलवली. "अजून लांब." ओसरीवर गेले, हलवली. "येतंय," तुम्ही आतून म्हणालात, "ऐकू येतंय, पण आता भरवसा वाटंना." काडेपेटी हातात धरून मी ओसरीवर तशीच उभी. 

त्यानंतर हेडफोनला हात लावला नाहीत. मी म्हटलं, उरलेल्या कॅसेटी करू का, तर म्हणालात, "ज्याला बरोबर-चूक कळंना, त्यानं काय तपासायचं? राहू द्या." एकोणीस दिवस नुसते पडून राहिलात. ज्या माणसाला पातेल्याचा पोचा ऐकू यायचा तो माणूस गप पंख्याकडं बघत. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. तुम्ही घास कमी खाल्ला की वाटायचं उद्या सांगू, आज त्रास नको. घास नीट खाल्लात की वाटायचं, आज चांगले आहेत, कशाला बिघडवायचं. एकोणीस दिवसांत सांगायला योग्य असा एकही दिवस मला सापडला नाही. विसाव्या दिवशी तुम्हीच नव्हता.

दहाव्यानंतर शुभाला सांगितलं. तिनं फोनवर शोधून काहीतरी वाचलं. मग म्हणाली, "आई, चौसष्टवर टाळ राहतच न्हाई. वरचा आवाज कापूनच टाकतं ते. आन् एकदा कापलं की कितीबी मोठी फाईल करा, मोकळी पिशवी मोठी होती नुसती." मग हळूच, "काकाला सांगितलं व्हतंस का?"

"न्हाई."

"मग मला सांगून काय उपयोग?"

बरोबरच आहे तिचं. म्हणून हे लिहायला घेतलं.

पण इथवर लिहूनही जीव थंड झाला नाही; पुढचं नंतर लिहितेय. कॅसेटींची पेटी उघडली. डेक लावला, फीत घासते ते त्याचं डोकं तुमच्यासारखं कापसानं पुसलं, स्पिरिट लावून. कॉम्प्युटरात घेऊन झालेल्यांतली हाताला आली ती पहिली कॅसेट घातली, पेडगावच्या गयाबाईचा बारशाचा पाळणा. फिरते की नाही, धाकधूक होती. फिरली. तासभर बसले. शेंगा सोलल्या नाहीत. फ्लॅकमध्ये घेतली, तुम्ही लिहून ठेवलेल्या आकड्यांवर. मग हेडफोन लावून आधी नवी ऐकली, मग माझी फुगवलेली.

आणि भाऊजी, मला फरक कळेना. खरं सांगते. पुन्हा ऐकली. पुन्हा. मला दोन्ही सारख्याच.  म्हणजे तुमचे कान ठीक होते हे मी कुणाच्या बळावर सांगणार? शुभा म्हणाली ते मान्य, पण तिनंही ऐकून सांगितलं नव्हतं, वाचून सांगितलं होतं. गल्लीला मी काय, शास्त्र सांगू? चार दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. मध्येच तुमच्या कॅसेटींच्या नोंदवहीत तुम्ही टाकून दिलेल्या त्या नऊ कॅसेटींची नावं शोधली आणि प्रत्येकीपुढं माझ्या अक्षरात लिहिलं, "ही फाईल मोठी दिसते, पण छोटीवरून केलेली आहे. मोठी आता कुठंच नाही. चूक माझी, सुमनची." नऊ वेळा लिहिलं. त्या नऊ गेल्याच. त्यांना माझ्याकडं इलाज नाही.

रविवारी तुमचं महिन्याचं केलं. गल्ली होती, जिनिंगमधले तुमचे दोस्त होते, पेडगावहून गयाबाईची लेक कांताबाई आली होती. तिला मी बोलावलं नव्हतं, ती आपण होऊन आली. "आमच्या घरी बारशाला आलते काका," म्हणाली आणि सरळ पोळ्या लाटायला बसली. जेवणं झाली. लोक उठायला लागले तशी मी म्हणाले, बसा. शुभानं स्पीकर लावले.

मला चार माणसांत बोलायची सवय नाही. पदर तोंडाशी जायला लागला तो मी खाली केला. "भाऊजींचे कान गेले न्हवते," म्हणाले. "गाणी मी खराब केली, आन् नाव त्यांच्या कानाचं केलं. तुमाला जे सांगितलं ते खोटं व्हतं."

 मग तुमचे ते एक दोस्त, ज्यांचा एकच रेडिओ तुम्ही सतरा वेळा दुरुस्त केलात, ते म्हणाले, "जाऊ द्या वहिनी. आता गेलेल्या माणसाला काय त्याचं?"

"जाऊ द्यायचं न्हाई. ऐका."

आधी नवी वाजवली, मग माझी. गयाबाईचा आवाज घरभर. संपल्यावर लोक एकमेकांकडं बघायला लागले.

"सारखंच हाय की."

"दुसरी जरा गोड वाटती मला," तुमचे दोस्त म्हणाले. बघा, तुमचा मित्र!

मी शुभाकडं बघितलं. ती खाली बघत होती. मला वाटलं, झालं, आता लोक म्हणणार दीर गेल्यावर म्हातारीच्या डोक्यात काहीतरी शिरलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून कांताबाई म्हणाली, "परत लावा."

लावलं. ती पिठाच्या हातानं चौकटीला धरून उभी होती. पहिली संपली. दुसरी अर्ध्यावर आली तशी तिनं हात वर केला, बस म्हणून.

"पहिल्यात आईच्या बांगड्या हायेत," ती म्हणाली. "दोरी वढली की वाजायल्यात, बारीक. दुसऱ्यात आई हाय, पण हात न्हाई."

 शुभानं न सांगता पहिली पुन्हा लावली, आवाज वाढवून. आता कळलं म्हणून की काय, पण मलाही आलं, भाऊजी. काचेचं, अगदी कडेला, दर ओढीला.

"मी तिथंच व्हते की," कांताबाई म्हणाली, आणि हसायला लागली. "काका म्हणले, गयाबाई, तेवढ्या बांगड्या काढा, मशीनमधी येत्यात. आई म्हणली, मास्तर, मशीन काढा, बांगड्या राहू द्या!"

सगळं घर हसलं. तुमचे तेच दोस्त हसता हसता डोळे पुसायला लागले, आणि म्हणाले, "त्याला बी तेच ऐकू येईना झालं आसंल मग." हो. तेच. हेच मला त्यांच्या तोंडून हवं होतं. आता ते जिनिंगभर सांगतील, त्यांच्या पोटात काही राहत नाही.

लोक गेले. कांताबाईनं फोन पुढं केला, आईचा पाळणा द्या म्हणाली. मी सवयीनं म्हणाले, "छोटी देते, चटकन जाईल. तुझ्या फोनमधी जागा तरी हाय का?"

"न्हाई जागा. पर बांगड्याचीच द्या."

मग ती ओसरीवर बसली आणि फोनमधले सुप्रभातचे फोटो पुसत राहिली. गुलाब, सूर्य, वाफाळते कप, एकेक करून. मी शेजारी बसले. महिन्याभरात पहिल्यांदा एका जागी बसले असेन. पुरेशी जागा झाल्यावर शुभानं फाईल पाठवली. कांताबाईनं फोन कानाला लावला, कुणाशी बोलायला लावतात तसा. बराच वेळ तिचा चेहरा हलला नाही. दोरीची एक ओढ गेली असेल, दुसरी गेली असेल.

मग माझ्याकडं बघून तिनं मान हलवली.

"हाय," म्हणाली. "हात हाय."